खेकड्याची कवळी

"टाकीत हात घालायचा नाही," बायको दारात उभी राहून म्हणाली. खाली गाडी येऊन थांबली होती, बॅग जिन्यापाशी पोचली होती, पण तिचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. "पाणी कमी वाटलं तरी नाही, दगड वाकडा दिसला तरी नाही. चिमट्याने तुकडा वरून सोडायचा आणि बाजूला व्हायचं."

"हं," दंतवैद्य म्हणाला.

"मी काय सांगितलं?"

"बाजूला व्हायचं."

शेवटचे दोन शब्द त्याच्या कानात नेहमी शिल्लक राहत, आणि तेवढ्यावर संसार बरा चालला होता. त्यात त्याचा तसा दोष नव्हता. दिवसभर ज्यांच्याशी त्याची गाठ पडे त्यांची तोंडं सताड उघडी असत आणि त्यांतून एक धड शब्द बाहेर पडत नसे. बोलायचं त्याने आणि ऐकायचं त्यांनी, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता पडल्यामुळे समोरचा माणूस पूर्ण वाक्य बोलू लागला की त्याचं लक्ष आपोआप दातांकडे जाई. बायकोचे दात चांगले होते. जेवताना ती खेकड्यांबद्दल बोलू लागली की तो ते समाधानाने बघत बसे.

आणि ती खेकड्यांबद्दलच बोले. समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांचा अभ्यास हेच तिचं काम होतं, आणि संस्थेत तिला सगळे खेकडेबाई म्हणत. कोळंबीपासून बोटीच्या तळाला खड्यासारख्या चिकटून बसणाऱ्या जिवांपर्यंत सगळे एकमेकांचे भाऊबंद कसे, खोल पाण्यात कोण कोणाला खाऊन जगतं, मुळात खेकडे नसलेल्या प्राण्यांनीही निरनिराळ्या काळात पुन्हा पुन्हा खेकड्याचाच आकार कसा घेतला, हे सगळं ती रंगून सांगे. दंतवैद्याची आई मन लावून ऐके आणि शेवटी विचारी, की एवढ्या प्रकारचे खेकडे असायची मुळात गरज काय होती. त्यावर बायको आणखी अर्धा तास बोले. दंतवैद्य "हं" म्हणून पाणी पिई.

टाकीतला खेकडा मात्र साधा नव्हता. खोल पाण्यातल्या एका जाळ्यात तो चुकून वर आला होता, लिंबाएवढा, राखाडी, पायांवर दाट केस असलेला. बायकोचं म्हणणं होतं की ही नवी प्रजाती आहे, आजवर कोणी न नोंदलेली. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांचं म्हणणं होतं की हा आपला नेहमीचा केसाळ खडकखेकडाच आहे, फक्त खोलात राहून जरा विचित्र झालेला. खरं-खोटं करायचा मार्ग एकच होता. खेकडा मारून बाटलीत घालायचा, मग कापायचा आणि आतलं सगळं तपासायचं. बायकोला ते करवत नव्हतं. असा जिवंत सापडलेला हा एकटाच. तो काय खातो, कसा लपतो, कशाला घाबरतो, हे तिला बघायचं होतं. मोठ्या सरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, की एक तर बाटली नाहीतर दावा मागे, परिषदेहून परत आलीस की काय ते कळव.

संस्थेतला समुद्राच्या पाण्याचा पंप नेमका त्याच सुमारास बिघडला, म्हणून टाकी घरी आली आणि सोफा नि चपलांचं कपाट यांच्या मधोमध बसली. खरी पंचाईत इथेच होती. बायकोचा नवऱ्यावर जीव होता, पण त्याच्या हातांवर भरवसा नव्हता. ढिलं, वाकडं, हलतं असं काही दिसलं की ते हात शिवशिवत. मागे एकदा तिच्या सूक्ष्मदर्शकाचा एक स्क्रू त्याला सैल वाटला आणि त्याने तो इतक्या प्रेमाने आवळला की त्यानंतर तो कोणालाच हलवता आला नाही. या वेळी तिने त्याच्यावर टाकी सोपवली होती ती दुसरा इलाजच नव्हता म्हणून, आणि ते त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की या वेळी ती परत येईल तेव्हा तिला तक्रारीला जागा ठेवायची नाही.

सुरुवातीचे दिवस छान गेले. तो चिमट्याने तुकडा सोडी, दोन पावलं मागे सरके आणि आईला म्हणे, "बघ, बाजूला झालो." आई टीव्हीवरची नजर न काढता मान हलवी. मग खेकड्याने खाणं सोडलं. दंतवैद्याने टाकीच्या काचेला नाक लावून त्याला पुष्कळ समजावलं, पण उपयोग झाला नाही. आणि एके सकाळी बघतो तर खेकडा दगडापुढच्या वाळूत कलंडून पडलेला, पाय आखडलेले, डोळे निस्तेज. त्याने काचेवर टिचकी मारली. पंपाच्या बुडबुड्यांनी त्याचा एक पाय जरासा हलला आणि परत पडला.

"गेला," दंतवैद्य म्हणाला.

आई उठून आली. तिने चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. "सूनबाईला कळव," ती म्हणाली.

त्याने फोन लावला. तिकडून तो कापला गेला आणि लगेच संदेश आला, की थोड्या वेळात माझं भाषण आहे, हातपाय गार पडलेत, आत्ता काही सांगू नकोस, फक्त खेकडा कसा आहे ते लिही. दंतवैद्याने बराच विचार केला. भाषणाआधी हे सांगणं क्रूरपणाचं होतं आणि खोटं लिहिणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्याने लिहिलं, "अगदी शांत आहे." तिकडून हसरा चेहरा आला. तो बघून त्याला जास्तच अपराधी वाटलं.

आता निदान देह तरी नीट राहिला पाहिजे, असं त्याने मनाशी घेतलं. नमुना अखंड हवा, पाय तुटता कामा नये, हे बायकोच्या तोंडून इतक्यांदा आलं होतं की त्याच्याही कानात शिरलं होतं. त्याने बाही वर केली आणि टाकीत हात घातला. खेकडा हातात आला तो पिसासारखा हलका. साबणाच्या डबीत तो ठेवून दंतवैद्य जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेला.

दवाखान्याच्या खुर्चीत बायकोच्या संस्थेचे ग्रंथपाल बसले होते. दाढ काढायची म्हणून त्यांना आधीच सुई टोचून ठेवली होती आणि जबडा बधिर व्हायची वाट बघत ते छताकडे पाहत होते. दंतवैद्याने त्यांना जरा थांबायला सांगितलं, बाजूच्या ट्रेमध्ये खेकडा ठेवला, मोठा दिवा त्याच्यावर वळवला आणि छोटा आरसा घेऊन तो वाकला. कवचाची मागची बाजू डबीच्या झाकणासारखी किंचित उघडली होती. त्याने आरसा आत सरकवला. आत काही नव्हतं. मांस नाही, काही नाही. नुसत्या भिंती.

"पूर्ण पोकळ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाहेरून धडधाकट आणि आतून सगळं खाऊन टाकलेलं."

असलं त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. वरून पांढरीशुभ्र दाढ आणि आत कीड. खेकड्यालाही असलाच काहीतरी रोग लागला असणार, म्हणूनच बिचाऱ्याने खाणं सोडलं होतं. रोगाचं निदान त्याच्या मते पक्कं झालं. खुर्चीतले ग्रंथपाल मात्र एकाएकी अस्वस्थ झाले. खेकड्याकडे बोट दाखवत ते काहीतरी सांगू लागले, पण अर्धी जीभ बधिर असल्यामुळे नुसतेच हुंकार बाहेर पडले. त्यांनी हवेत हाताने सदरा काढल्यासारखं केलं, मग तो बाजूला टाकल्यासारखं केलं. दंतवैद्याला वाटलं त्यांना उकडतंय. त्याने पंखा वाढवला. ग्रंथपालांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली, तेव्हा त्याला वाटलं त्यांना अजून दुखतंय, आणि त्याने त्यांना आणखी एक सुई टोचली. त्यानंतर ग्रंथपाल गप्प झाले.

पोकळी दिसली की ती भरायची, हे दंतवैद्याच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. पोकळ वस्तू दाबाने फुटते, भरलेली टिकते. आधी त्याने दाढेत भरायचं सिमेंट पाहिलं, पण एवढ्या मोठ्या पोटाला ते पुरणार नव्हतं. मग त्याचं लक्ष कपाटातल्या कवळीच्या मिश्रणाकडे गेलं. पूड आणि द्रव एकत्र केला की थोड्या वेळात दगडासारखं घट्ट होणारं, हिरड्यांच्या रंगाचं, गुलाबी. त्याने मिश्रण कालवलं, पाठीमागच्या फटीतून हळूहळू आत ओतलं, कवचावर टिचक्या मारत प्रत्येक पायाच्या मुळापर्यंत पोचवलं, झाकण मिटवलं आणि सांध्यावरून बोट फिरवलं. एक पाय सुटू बघत होता, तोही पक्का झाला. मग निव्वळ सवयीने त्याने खेकड्याला पॉलिश केलं.

काम अप्रतिम झालं होतं, हे त्याला मान्य करावं लागलं. खेकडा चारी बाजूंनी ठणठणीत उभा राहिला. पातळ कवचातून आतला गुलाबी रंग असा काही झिरपत होता की मुळातला राखाडीपणा कुठल्या कुठे गेला. जिवंतपणी तो इतका तेजस्वी कधीच दिसला नव्हता.

मिश्रणाचा वास आईने जिन्यातच ओळखला. "हे मिश्रण कुठे वापरलंस?" तिने विचारलं.

दंतवैद्याने साबणाची डबी पुढे केली. आई बराच वेळ बघत राहिली. तिची कवळी ढिली झाली होती, ती बोलताना खालीवर होई, आणि नवी करतो करतो म्हणत लेकाने ऋतू घालवले होते. नवं मिश्रण आणलं होतं ते तिच्यासाठीच.

"मला नाही ती नाही," आई म्हणाली, "आणि मेलेल्या खेकड्याला अख्ख्या अंगाची."

तेवढ्यात फोन वाजला. बायको असेल म्हणून त्याने घाईने उचलला, तर मोठे सर. बैठक अलीकडे आलीय, उद्या सकाळीच खेकडेबाईंच्या दाव्याचा निकाल लावायचाय, त्या परतायच्या आत एकदा तो प्राणी जिवंत बघून घ्यावा म्हणतो, संध्याकाळी आलो तर चालेल ना. दंतवैद्य इतका गडबडला की तो "हं" म्हणाला. बाकी माणसांचं त्याच्या या हुंकाराने कधी बिघडलं नव्हतं, पण सरांनी तो होकार समजून फोन ठेवला.

आता सरांना खरं सांगायचं, तर बायकोच्या आधी ही बातमी त्यांना कळणार आणि तिला ती त्यांच्याकडून ऐकावी लागणार. ते काही त्याच्या मनाला पटेना. बायकोला आधी सांगायचं, तर तिचा फोन बंद होता, भाषणानंतरचं कसलं तरी सत्र चालू होतं. तेव्हा संध्याकाळपुरतं निभावून न्यायचं, आणि ती मोकळी झाली की तिच्या पाया पडायचं, असं त्याने ठरवलं. त्याने गुलाबी खेकडा टाकीत नेऊन दगडाच्या आडोशाला अर्धवट लपवून उभा केला आणि हॉलमधला मोठा दिवा काढून ठेवला. लांबून, मंद उजेडात, घाईत असलेल्या माणसाला चालून जाईल असं त्याला वाटलं.

मोठे सर घाईत नव्हते. ते स्वतःचं भिंग आणि स्वतःची बॅटरी घेऊन आले होते. चहा नको म्हणाले, सोफ्याकडे पाठ केली आणि थेट टाकीपुढे मांडी घालून बसले. बॅटरीचा झोत दगडाच्या आडोशाला पडला. दंतवैद्य आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

सरांनी भिंग पुसलं आणि परत लावलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "हा असा गुलाबी कधीपासून आहे?"

"आजच लक्षात आलं," दंतवैद्य म्हणाला.

"ही कवचाखालून येणारी झाक... ही केसाळ खडकखेकड्यात नसते. कुठल्याच खडकखेकड्यात नसते. आणि ही तकाकी बघा. आणि धैर्य बघा त्याचं, माझ्या तोंडावर उजेड मारलात तर मी तरी असा निश्चल राहीन का?" सरांचा आवाज चढत चालला. "मी चुकलो. नवी प्रजाती आहे ही. उद्या बैठकीत मी स्वतः तसं सांगणार. बाटलीची काही गरज नाही. याला मारणं पाप ठरेल."

मोठे सर चुकलो म्हणाले, असं संस्थेत आजवर कोणी ऐकलं नव्हतं. बायकोला जे जे हवं होतं ते सगळं या क्षणी टाकीपुढे मांडी घालून बसलं होतं. त्याने फक्त तोंड मिटून ठेवायचं होतं. उद्या निकाल तिच्या बाजूने लागला असता, खेकडा नंतर कधीतरी नैसर्गिकपणे मेला असं सांगता आलं असतं, आणि हा हात घालणारा नवरा या साऱ्यातून सहीसलामत सुटला असता. आईने मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागली.

सरांनी फोन काढून बायकोला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा केला. या वेळी तिने उचलला. सरांनी भराभर अभिनंदन केलं, झाक, तकाकी, धैर्य, सगळं सांगितलं. पलीकडून ती चाचरत म्हणाली, "गुलाबी? सर, तो गुलाबी नाहीये."

"अगं, मी डोळ्यांनी बघतोय. उद्या माझ्या सहीने जाणार हे."

ती गप्प झाली. त्या गप्प बसण्यात तिचा गोंधळ होता आणि त्याखाली हळूहळू वर येणारा आनंदही होता, तो दंतवैद्याला स्पष्ट ऐकू आला. आपल्या बायकोचं न बोललेलंही आपल्याला कळतंय, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं, आणि नेमकं तेच त्याला सहन होईना. उद्या तिच्या नावावर हा गुलाबी रंग चढला असता. आज ना उद्या कोणीतरी तो पुसला असता, आणि तेव्हा खोटी ठरली असती ती.

"सर," तो खुर्चीमागून पुढे आला. "तो गुलाबी रंग माझा आहे. म्हणजे कवळीचा. मी भरलाय."

सरांनी भिंग खाली ठेवलं. चष्माही काढला.

"सकाळी मेला तो," दंतवैद्य फोनकडे तोंड करून म्हणाला. "तुझं भाषण होतं म्हणून बोललो नाही. नमुना निदान धड राहावा म्हणून... मी टाकीत हात घातला. चुकलं माझं."

"मेला?" बायकोचा आवाज एवढासा झाला.

"आतून काही राहिलंच नव्हतं गं. पूर्ण पोकळ होता."

मग तिने विचारलं, "तू ते भरलंस कुठून?"

"पाठीमागून. कवच तिथे उघडं होतं."

"डबीच्या झाकणासारखं?"

"अगदी तसंच."

"आणि आधी त्याने खाणं सोडलं होतं?"

"हो."

"आणि उचललास तेव्हा हलका लागला?"

"पिसासारखा."

यानंतर जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा हे कोणालाच ठरवता आलं नाही. "अरे, ती कात आहे," बायको म्हणाली. "खेकडा वाढला की जुनं कवच टाकून मागच्या बाजूने बाहेर पडतो. मी तुला किती वेळा सांगितलंय. जेवताना, गाडीत, तुझ्या वाढदिवशीसुद्धा. तो मेलेला नाही. अंग मऊ असतं म्हणून कुठेतरी लपून बसला असेल."

सरांनी परत चष्मा लावला आणि बॅटरी दगडाच्या भोकांवरून फिरवायला सुरुवात केली. पण पहिल्यांदा दिसलं आईला. "ते काय," ती म्हणाली. दगडाच्या मागच्या कपारीत दोन काळे ठिपके देठांवर उभे होते आणि इतक्या माणसांकडे नाराजीने पाहत होते. त्यांच्या खाली फिकट राखाडी, नवंकोरं, पूर्वीपेक्षा थोडं मोठं शरीर अंग चोरून बसलं होतं. गुलाबी रंगाचा त्यात मागमूस नव्हता.

दंतवैद्य मटकन सोफ्यावर बसला. इतका आनंद त्याला स्वतःचा दवाखाना उघडला त्या दिवशीही झाला नव्हता.

"आधी ते कवळीचं सोंग पाण्याबाहेर काढ," फोनमधून हुकूम आला.

"हात घालू?"

"घाल आता."

आनंदाचा भर ओसरल्यावर मोठ्या सरांना आपली परिस्थिती दिसू लागली. थोड्या वेळापूर्वी त्यांनी एका कवळीला नवी प्रजाती म्हणून मान्यता दिली होती. ते कोरड्या आवाजात म्हणाले की मग प्रश्न होता तिथेच आहे, प्राणी राखाडी आहे, केसाळ आहे, आणि पुराव्याअभावी उद्या नाइलाजाने त्यांना विरुद्ध मत द्यावं लागेल. बायकोने फोनवरून घाईघाईने सांगितलं की पुरावा कातेतच आहे. खेकड्याच्या पोटात अन्न दळायला दात असतात, आणि कात टाकताना पोटाचं अस्तर दातांसकट बाहेर येतं. ते दात प्रजातीनुसार वेगळे. कात उघडून पाहिलं तर खेकड्याला हात लावायचीही गरज नाही.

सरांनी ओला गुलाबी खेकडा हातात घेऊन नखाने वाजवला. टक् टक् आवाज आला. "उघडणार कशी?" ते म्हणाले. "दात असतीलही आत, पण तुझ्या यजमानांनी त्यांच्यावर ओतकाम केलंय. फोडायला गेलो तर दातांसकट सगळ्याचा चुरा होईल."

"पोटात दात?" दंतवैद्याने विचारलं. बायकोचं संपूर्ण वाक्य त्याने सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकलं होतं.

"हो. तीन. एक मधला, दोन बाजूचे."

"मग फोडायचं कशाला? कवळी एक्स-रेत दिसत नाही. कोणी कवळी गिळून आला की आमची तीच तर बोंब असते, शोधून सापडत नाही. दात तेवढे दिसतील."

मोठे सर, दंतवैद्य, हातात फोन धरलेली आई आणि फोनमधली बायको अशी वरात जिना उतरून दवाखान्यात आली. खेकडा पालथा ठेवून, मग कुशीवर ठेवून, दंतवैद्याने तब्येतीत एक्स-रे घेतले. पडद्यावर कवचाची पुसट रेघ आली, गुलाबी सगळं नाहीसं झालं, आणि मधोमध, जिथे दात असण्याचं काही कारण नव्हतं तिथे, तीन इवलेसे दात लखलखले. दंतवैद्याने आजवर हजारो तोंडं पाहिली होती, पण पोटात कोणाच्या दात बघितले नव्हते.

"मधल्याला दोन टोकं आहेत," तो पडद्याला जवळजवळ चिकटून म्हणाला. "वरचा भाग दुभंगलेला, पण झिजून नाही, मुळातलाच आहे. बाजूच्यांना कंगोरे. करवतीसारखे, एका बाजूने उतरते. सुंदर दात आहेत. कुठे कीड नाही."

सर खुर्ची ओढून त्याच्या खांद्यावरून बघत होते. केसाळ खडकखेकड्याचा मधला दात सपाट असतो, एका टोकाचा, हे त्यांनीच तरुणपणी चिरफाड करून नोंदवलं होतं. त्यांनी पुन्हा कुशीवरचा एक्स-रे मागितला, पुन्हा पालथा मागितला. मग ते स्वतःशीच हसले. "दोन टोकं," ते म्हणाले, "म्हणजे मी मघाशी बरोबर होतो आणि कारण चुकीचं होतं. बाई, ऐकतेस ना? तुझा खेकडा नवा आहे. बाटली नको."

आईने फोन कानाला लावला आणि बराच वेळ ऐकलं. "रडतीय," तिने सगळ्यांना सांगितलं. "बरं वाटतंय तिला."

पुढे संस्थेच्या छोट्या सभागृहात बायकोने आपलं संशोधन मांडलं तेव्हा जागा भरून माणसं उभी होती. टेबलावर एका बाजूला काचेच्या पेटीत गुलाबी कात, तिच्याखाली मोठे केलेले एक्स-रे. दुसऱ्या बाजूला झाकण लावलेल्या डब्यात, स्वच्छ पाण्यात, कवच पुरतं घट्ट झालेला खरा खेकडा. मोठ्या सरांनी प्रास्ताविक केलं. विद्यार्थ्यांना उद्देशून ते कळकळीने म्हणाले की रंगाला कधी भुलू नका. एखादा उतावळा माणूस ही गुलाबी झाक पाहूनच निकाल देऊन बसला असता. खरा अभ्यासक दात मोजतो.

दंतवैद्य पहिल्या रांगेत होता. तो काहीतरी म्हणायला पुढे झुकला, तेव्हा शेजारी बसलेल्या आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळ्यांनीच तोंड मिटायला सांगितलं. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाने मुकाट्याने तोंड मिटलं.

बायको छान बोलली. खेकड्याचं खाणं, त्याची कपार, त्याचे दुभंगलेले दात आणि त्या दातांमुळे खोल पाण्यातली कठीण शिंपलीसुद्धा तो कशी दळत असावा, हे तिने सांगितलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. कात इतकी नाजूक असते, वाळली की चुरा होतो, मग ती आतून भरून टिकवायची ही पद्धत कोणाला सुचली, असं तिने विचारलं.

मोठे सर छताकडे बघू लागले. बायकोने पहिल्या रांगेकडे एक नजर टाकली.

"आमच्या घरात पोकळ काही दिसलं की राहवत नाही," ती म्हणाली.

लोक हसले. हे कौतुक की टोमणा, ते दंतवैद्याला कळेना, आणि हसायचं की नाही हेही ठरेना. मग टाळ्या झाल्या, माणसं पांगली, सरांनी गुलाबी खेकडा पेटीसकट संस्थेच्या संग्रहात नेला. बायको टेबल आवरून खाली आली. एका हातात तिची बॅग होती आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तो डबा, जिवंत खेकड्याचा.

बॅग तिने स्वतःच्या खांद्याला लावली. डबा त्याच्याकडे दिला.

"घरी पोचेपर्यंत धरशील?" तिने विचारलं.

तो दोन्ही हातांनी धरून चालू लागला. वाटेत एकदा आतून खुट् असा आवाज आला. झाकण एका कोपऱ्यात जरासं वर आल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्याची बोटं शिवशिवली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती बोलत होती, पुढच्या खेपेला कुठल्या खोलीवर जाळी टाकायची त्याबद्दल. तो ऐकत राहिला आणि त्याने झाकणाला हात लावला नाही.